चेक बाउन्स : तडजोड हवी, पण पहिल्या तारखेला

चेक बाउन्सची केस आपसात मिटवू द्यावी का, या प्रश्नावर सध्या दोन बाजू तावातावाने बोलतात आणि माझ्या मते दोन्ही मूळ मुद्दा सोडून बोलतात. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा तडजोडींवर आकारायचा खर्च कमी केला, तेव्हापासून वादाला पुन्हा तोंड फुटले आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की पैसे टाकले की गुन्हा पुसला जातो, मग तो गुन्हा कसला? दुसरी बाजू म्हणते, हा निव्वळ देण्याघेण्याचा मामला आहे, त्यात वॉरंट आणि तुरुंग आणलेच कशाला, चेक न वटणे गुन्हा ठरवणारे कलम 138 काढूनच टाका. मला वाटते, तडजोड हाच या कलमाचा स्वाभाविक शेवट आहे आणि ती करू देण्यात न्यायाची कोणतीही विटंबना नाही. मात्र ती कोणत्या तारखेला झाली, उशिराची झळ कोणी सोसली आणि ठरलेला शब्द मोडला तर पुढे काय, यावर तिचे बरेवाईट ठरते. नेमके हेच प्रश्न आपण विचारत नाही. किती केसेस मिटल्या ते आपण मोजतो, त्यांतले किती पैसे खरोखर पोहोचले ते मोजत नाही.

आधी या कलमाची घडण पाहू. मूळ निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट 1881 चा. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे चेक न वटणे हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. फसवणुकीचा हेतू सिद्ध करता आला तर फसवणुकीचे कलम, नाहीतर दिवाणी दावा. 1988 च्या दुरुस्तीने कलम 138 आले आणि 1 एप्रिल 1989 पासून लागू झाले. पण गुन्हा पूर्ण होतो कधी? चेक परत आला आणि बँकेचा मेमो हातात पडला तेव्हा नाही. चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर चेक देणाऱ्याला पैसे भरायला 15 दिवस मिळतात आणि ते कोरडे गेले तरच तक्रारीचे कारण उभे राहते. चोराला माल परत करायला पंधरा दिवसांची मुदत देणारे कलम दुसरीकडे कुठे आहे? तक्रारही पोलीस ठाण्यात होत नाही. ज्याच्या हक्काचा चेक, त्यानेच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे लेखी करायची. सरकार या खटल्यात फिर्यादी नसते. 2002 च्या दुरुस्तीने कलम 147 घातले आणि हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा असल्याचे कायद्यातच लिहून टाकले. 2021 मध्ये न्या. रोहिंटन नरिमन यांनी या कलमाचे वर्णन फौजदारी लांडग्याचे कातडे पांघरलेली दिवाणी मेंढी असे केले. कातडे कशासाठी आहे? पैसे वेळेवर यावेत म्हणून. मग पैसे आल्यावर खटला संपला तर कायद्याचे नुकसान कोणते झाले?

देणेकऱ्यावर किती दाब द्यावा, हा वाद आपल्या मुलखाला नवा नाही. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात तकाद्याचे वर्णन आहे: साध्या मागणीपासून सुरुवात, मग दारात माणूस बसवणे, मग देणेकऱ्याला जेवूही न देणारे धरणे. इंग्रजी अमलात त्या दाबाची जागा दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांनी, म्हणजे देणे फेडण्याच्या लेखी आदेशांनी, घेतली. सावकाराकडे कागद होता, कागदावर अंगठा होता, आणि शेतकरी न्यायालयात पोहोचण्याआधीच एकतर्फी निकाल लागत होते. मे 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात त्याचा स्फोट झाला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची खते आणि रोखे हिसकावून जाळले. त्यानंतर 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा आला. त्याने शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी कैदेत टाकणे बंद केले, दाव्याआधी समेट घडवण्यासाठी सलोखेदार नेमले आणि न्यायाधीशाला सांगितले की रोख्यावरचा आकडा प्रमाण धरू नका, व्यवहाराचा इतिहास अगदी सुरुवातीपासून तपासा. आजच्या वादात हा तिसरा भाग कोणालाच आठवत नाही, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. त्याकडे पुढे येतो.

तडजोडीच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. चेक हा दोघांमधला खासगी कागद नसतो. ज्या घाऊक व्यापाऱ्याचा पाच लाखांचा चेक परत येतो, त्यानेही त्याच भरवशावर कुणाला तरी पुढच्या तारखेचे चेक दिलेले असतात. त्याची पत जाते, त्याच्याकडे काम करणाऱ्यांचे पगार लांबतात. म्हणजे इजा फिर्यादीच्या पलीकडे पोहोचते आणि तिचा निपटारा फिर्यादीच्या एका सहीने होतो. दुसरे असे की तडजोडीची सवलत प्रामाणिक अडचणीतल्या माणसापेक्षा मुरलेल्या बुडव्याला जास्त मानवते. त्याला ठाऊक असते की समन्स बजावून घ्यायचे टाळता येते, वॉरंट निघाले तर हजर होऊन ते रद्द करून घेता येते, उलटतपासाला तारीख मागता येते, आणि शेवटी थकलेला फिर्यादी मिळेल त्यावर राजी होतो.

हिशेबच मांडतो. समजा चेक पाच लाखांचा आहे आणि केस सहा वर्षे चालली. नुकसानभरपाई ठरवताना द.सा.द.शे. 9 दराने सरळ व्याज धरावे, असे सर्वोच्च न्यायालयानेच 2011 मध्ये सुचवले होते. त्या हिशेबाने व्याज 2 लाख 70 हजार, एकूण देणे 7 लाख 70 हजार. सातव्या वर्षी लोकअदालतीत चार लाखांवर मिटते, तेही वीस-वीस हजारांच्या वीस हप्त्यांत. आरोपीला सहा वर्षे बिनव्याजी पैसे वापरायला मिळाले, वर मुद्दलातही एक लाखाची सूट. कोणती बँक असे कर्ज देते? या प्रकाराला कोणी न्यायाची थट्टा म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण थट्टा तडजोडीने केली की सहा वर्षांनी? हीच तडजोड पहिल्या किंवा दुसऱ्या तारखेला पूर्ण पाच लाखांवर झाली असती, तर त्याच फिर्यादीला शिक्षेच्या निकालापेक्षा ती शतपटीने हवी असती. आरोपी तुरुंगात गेला म्हणून दुकानाच्या गल्ल्यात पैसे येत नाहीत.

म्हणूनच 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला अधिक शहाणा वाटतो. पहिल्या किंवा दुसऱ्या तारखेला मिटवले तर काही खर्च नाही. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मिटवले तर चेकच्या रकमेच्या 10 टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात 15 टक्के, सर्वोच्च न्यायालयात 20 टक्के, आणि ही रक्कम गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे. यामागचा विचार सरळ होता: जितका उशीर कराल तितके महाग पडेल. 2025 च्या निकालाने ही उतरंड सैल केली. आता आरोपीचा बचावाचा पुरावा नोंदवायच्या आधी चेकची रक्कम भरली तर खर्च शून्य. त्यानंतर निकालापूर्वी 5 टक्के, सत्र आणि उच्च न्यायालयात साडेसात, सर्वोच्च न्यायालयात 10. व्याजदर उतरले आहेत आणि खटले तुंबले आहेत, ही दोन्ही कारणे खरीच आहेत. पण ज्याने कधी फौजदारी न्यायालयाच्या बाकावर एक वर्ष काढले आहे त्याला विचारा, समन्स बजावण्यापासून बचावाच्या पुराव्यापर्यंतचा टप्पा केवढा लांब असतो. खटल्याचा बहुतेक काळ तिथेच जातो. तो सगळा काळ विनाखर्च केल्यावर आरोपीने पहिल्या तारखेला पैसे का आणावेत? त्याच निकालात एक फार चांगली सूचना आहे: समन्ससोबतच क्यूआर कोड किंवा यूपीआयने रक्कम भरायची सोय द्या, आणि तसे समन्सवर लिहा. एका हाताने लवकर भरायची वाट उघडायची आणि दुसऱ्या हाताने उशिराची किंमत उतरवायची, या दोन गोष्टी एकमेकींना मारतात.

खटल्यांचा डोंगर नाकारण्यात अर्थ नाही. 2019 अखेर देशात 2 कोटी 31 लाख फौजदारी खटले प्रलंबित होते, त्यांतले 35 लाख 16 हजार कलम 138 चे होते. 2025 च्या निकालात मुंबईचा आकडा 1 लाख 17 हजारांच्या घरात दिला आहे. कायदा म्हणतो, तक्रार दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा; हे वाचून कोणताही फिर्यादी मान हलवतो. इतक्या खटल्यांत पूर्ण पुरावा घेऊन निकाल द्यायचा म्हटले तर दंडाधिकाऱ्यांना दुसरे काही करताच येणार नाही, आणि तोवर खून-मारामारीतला कच्चा कैदी आपली तारीख येण्याची वाट पाहत बसेल. तेव्हा लोकअदालत हवीच. माझा आक्षेप लोकअदालतीत जे कागदावर लिहिले जाते त्यावर आहे.

तो कागद जवळून पाहण्यासारखा असतो. तडजोड पुरसीस, म्हणजे केस मिटल्याचे न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन. अर्ध्या पानाचा मजकूर, बहुधा छापील, मधल्या रिकाम्या जागा पेनने भरलेल्या: उभय पक्षांत आपसात तडजोड झाली असून आरोपीने फिर्यादीस अमुक रक्कम अदा केली आहे, उर्वरित रक्कम हप्त्याने देण्याचे कबूल केले आहे, फिर्यादीची आता आरोपीविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही, सबब केस निकाली काढावी. खाली दोघांच्या सह्या, दोन्ही वकिलांच्या सह्या. दिवसभर पॅनलपुढे अशा पुरसीसांचा गठ्ठा सरकत असतो. यात पहिल्या हप्त्याचा डीडी नंबर लिहिला आहे का? हप्ता कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात? एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होईल का? की उर्वरित रक्कम देण्याचे कबूल केले आहे, एवढ्यावरच फिर्यादीची तक्रार संपली? ज्या कागदात या चार ओळी नाहीत तो कागद संध्याकाळच्या आकडेवारीत निकाली केस म्हणून जातो, आणि फिर्यादी मात्र एका आश्वासनाच्या बदल्यात दुसरे आश्वासन घेऊन घरी जातो.

आणि शब्द मोडला तर? सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ठरवले की फौजदारी न्यायालयाने पाठवलेल्या चेकच्या केसमध्ये लोकअदालतीने दिलेला निवाडा हा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. दिलासा वाटतो खरा, पण अमलात आणणे म्हणजे दरखास्त, वसुलीसाठी न्यायालयात पुन्हा अर्ज, आणि दरखास्तीचा रस्ता दाव्याहून लांब असतो हे तालुक्याच्या न्यायालयात वावरणारा कोणीही सांगेल. तडजोडीत नवे चेक घेतले आणि तेही परत आले, तर 2021 च्या निकालानुसार त्या नव्या चेकांवर नवी केस करता येते. मात्र जुनी आणि नवी अशा दोन्ही केसेस एकाच देण्यासाठी चालवता येत नाहीत. म्हणजे नोटीस, पंधरा दिवस, तक्रार, समन्स, सगळे पहिल्यापासून. पूर्ण रक्कम एकरकमी हातात पडत नसेल तर केस निकाली काढण्याची घाई करूच नये, हे मला त्यातून दिसते. हप्ते ठरवा, पण केस शेवटच्या हप्त्यापर्यंत बोर्डावर जिवंत ठेवा. त्याने प्रलंबित खटल्यांची संख्या काही महिने फुगलेली दिसेल. दिसू द्या. आणि विधी सेवा प्राधिकरणांनी प्रत्येक राष्ट्रीय लोकअदालतीनंतर निकाली केसेसचा आकडा जाहीर करताना, मागच्या वर्षी मिटलेल्यांपैकी किती रक्कम प्रत्यक्ष वसूल झाली हेही जाहीर करावे. तो एक रकाना वाढला की पुरसीसांचा मजकूर आपोआप सुधारेल.

इथवर मी फिर्यादीच्या बाजूने बोललो. पण चेकच्या प्रत्येक केसमध्ये फिर्यादी नाडलेला आणि आरोपी लबाड, असे धरून चालणे म्हणजे 1875 आधीच्या न्यायालयांची चूक पुन्हा करणे आहे. आपल्याकडे कोरे चेक किती सहज दिले जातात! पतसंस्थेचे कर्ज काढताना सह्या केलेले कोरे चेक फाइलला लागतात, गावातला विनापरवाना सावकार हातउसन्याच्या नावाखाली दोन-चार पाने सही करून घेतो, जामीनदाराकडूनही चेक घेतला जातो. निम्म्याहून अधिक फिटलेल्या कर्जावर पूर्ण रकमेचा आकडा भरून तो चेक बँकेत टाकला की कलम 139 चे गृहीतक फिर्यादीच्या बाजूने उभे राहते: चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता असे मानायचे, उलट सिद्ध करायचे आरोपीने. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल तरी हे गृहीतक लागू होते, असे 2019 चा निकाल सांगतो. अशा माणसाला लोकअदालतीत उभे करून, वॉरंटची भीती दाखवून जी तडजोड होते, ती तडजोड म्हणायची की वसुली? तकादा दारातून उठून न्यायालयाच्या व्हरांड्यात आला, एवढाच फरक पडला.

इथे 1879 चा तो तिसरा भाग कामाला येतो. तडजोड नोंदवण्याआधी आकड्याच्या मागे पाहिले पाहिजे. कर्ज किती होते, फेड किती झाली, खातेउतारा कुठे आहे, देणारा सावकारीचा परवाना असलेला आहे का? महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा 2014 चा आहे, तो विनापरवाना सावकारी गुन्हा मानतो आणि तक्रार निबंधकांकडे करता येते. पण चेकच्या केसमध्ये अडकलेल्या किती जणांना हे कोणी सांगते? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि ती चेकवर वजा करून नोंदवली नसेल, तर पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकून गुन्हा उभा राहत नाही. ही गोष्ट आरोपीला तडजोडीच्या टेबलावर बसण्याआधी कळली पाहिजे. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याच दिवशी त्याच्या शेजारी असायला हवा. हा वेळ वाया जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी सुप्याची आठवण ठेवावी: कागद नियमात होते, निकाल नियमात होते, तरीही लोकांनी ते जाळले.

संमतीचा प्रश्नही याच धाग्यातला. फिर्यादीची भरपाई झाली असेल तर त्याची ना असली तरी न्यायालयाला खटला बंद करता येईल, असा सूर 2017 च्या एका निकालात निघाला होता. 2021 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो ज्या कलमावर उभा होता तो आधारच काढून घेतला, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फिर्यादीवर तडजोड लादता येत नाही. मला हे योग्य वाटते. सहा वर्षे हेलपाटे घातलेल्या माणसाला मुद्दलावर समाधान मान असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नसावा. त्याच वेळी, एका चेकच्या केसच्या आडून दुसऱ्याच थकबाकीची वसुली करू पाहणारे फिर्यादीही असतात. तिथे 2025 च्या निकालाने वाट काढली आहे: चेकची रक्कम भरायला आरोपी तयार असेल आणि फिर्यादी इतर येणे पुढे करून अडून बसला, तर दंडाधिकारी आरोपीला गुन्हा कबूल करायला सुचवू शकतात आणि परिवीक्षेचा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा, लाभही देऊ शकतात. नकाराचा हक्क राहतो, अडवणुकीचा जातो.

राहता राहिले कलमच रद्द करा म्हणणारे. जून 2020 मध्ये अर्थ मंत्रालयाने किरकोळ आर्थिक गुन्हे फौजदारी कक्षेतून काढण्याचा प्रस्ताव मांडला, त्यात कलम 138 होते. विरोध झाला आणि ते कलम राहिले. त्यांच्या बाजूने एक थोर वचन आहे: प्रामाणिकपणे देणे अशक्य झालेल्या गरीब माणसाला केवळ ऐपत नाही म्हणून कैदेत टाकता येणार नाही, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी 1980 मध्ये बजावले होते. त्या विचाराला माझा नमस्कार आहे. पण तो निकाल दिवाणी हुकूमनाम्यातल्या कैदेविषयी होता, आणि चेक हातात देताना माणूस केवळ कर्ज घेत नाही, खात्यात पैसे असतील असे आश्वासन लिहून देतो. शिवाय व्यवहाराकडे पाहा. फौजदारी भीती काढून घेतली की तडजोडही जाते. मग आरोपी कशासाठी टेबलावर येईल? छोट्या व्यापाऱ्याने कोर्ट फी भरून दिवाणी दावा करावा, मग दरखास्त करावी, मग जप्तीसाठी मालमत्ता शोधत फिरावे, असा याचा अर्थ होतो. मोठ्या सावकाराला, मोठ्या कंपनीला हे परवडते. ज्याला मिळालेले दोनच चेक परत आलेले आहेत त्याला परवडत नाही.

तेव्हा भर पहिल्या तारखेवर हवा. 2025 च्या निकालाने खटल्याच्या सुरुवातीलाच आरोपीला काही थेट प्रश्न विचारायला सांगितले आहेत: चेक तुमच्या खात्याचा आहे का, सही तुमची आहे का, देणे होते का, बचाव काय, तारणापोटी दिला होता की कर्ज फिटले आहे, आणि या टप्प्यावर मिटवायची इच्छा आहे का. हे प्रश्न मनापासून विचारले गेले तर खरा वाद कुठे आहे आणि नुसता वेळकाढूपणा कुठे आहे, हे अर्ध्या तासात उघडे पडेल. जिथे देणे कबूल आहे तिथे रक्कम आणि तारीख त्याच दिवशी लिहून घ्यावी. जिथे बचाव पोकळ आहे तिथे 2018 च्या दुरुस्तीने आलेले कलम 143अ वापरावे. त्याखाली चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई 60 दिवसांत देण्याचा आदेश देता येतो; 2024 च्या निकालाप्रमाणे हा अधिकार विवेकाने वापरायचा आहे, पण विवेकाने वापरायचा म्हणजे वापरायचाच नाही असे नव्हे. जिथे कोऱ्या चेकचा बचाव आहे तिथे फिर्यादीकडून खातेउतारा मागवावा आणि तो येईपर्यंत तडजोडीचा विषय काढू नये. आणि उशिरा मिटणाऱ्या केसमध्ये विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणाऱ्या 5 टक्क्यांवर न थांबता, फिर्यादीला व्याज मिळाले का, हे पुरसीसवर सही घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी त्याला स्वतः, वकिलाला बाजूला ठेवून, विचारावे.